एक जूनला जन्मलेली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझा जन्म १ जूनचा. सातवीत माझ्या वर्गात चाळीसेक मुलं-मुली होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा जन्मही १ जूनचाच. तुमच्या घरात कुणी साठीच्या आसपासचं असेल तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा, बहुतेक हीच तारीख सापडेल. जूनमध्ये शाळा उघडायची. गुरुजी वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरं गोळा करायचे. "केवढा आहे?" म्हणून विचारलं की बाप हात कमरेएवढा करून दाखवायचा. गुरुजी मनात हिशेब करून १ जून लिहून टाकायचे. माझी आई सांगायची की मी कंधारच्या उरुसाच्या आधी आठ दिवस जन्मलो, बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी. आता हाजी सय्याहांच्या दर्ग्याचा उरूस चांद्रमासावर येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. म्हणजे माझा वाढदिवसही सगळ्या ऋतूंतून फिरून आला. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण ज्या कायद्याबद्दल आज बोलायचं आहे, त्याच्या दारात पहिला प्रश्न हाच विचारला जातो : वय काय?

लहान मुलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा हवी, ही मागणी आपण गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकली. मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या, फाशीच्या घोषणा झाल्या. ही मागणी आजची नाही. ती सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या इतिहासात मराठी माणसं पावलोपावली भेटतात. दोन्ही बाजूंना भेटतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत संमतीचं वय दहा होतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलीशी, मग ती बायको का असेना, संबंध ठेवणं हा बलात्कार. दहाच्या वर एक दिवस झाला, की नवऱ्याला हा कायदा हात लावू शकत नव्हता. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, हे १८९० मध्ये कलकत्त्यात कळलं. फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. वय दहाच्या थोडं पुढे. नवरा हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा, बाप्या माणूस. खटला उभा राहिला, पण मुलगी दहाच्या पुढची म्हणून बलात्काराचं कलम लागेना. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केली एवढाच गुन्हा शाबीत झाला आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी मिळाली. एका पोरीच्या जिवाला एक वर्ष, आणि तेही केवळ तिचं वय काही महिन्यांनी जास्त भरलं म्हणून.

मुंबईत त्याआधीच वातावरण तापलेलं होतं. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने १८८४ मध्ये बालविवाहावर टिपणं काढून सरकारला आणि समाजाला जागं केलं होतं. त्याच वर्षी दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला कोर्टात आला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे जायला ठाम नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. त्या अकरा वर्षांच्या मुलीला बोलता येत नव्हतं. बोलली ती पुढे मोठी झालेली बाई. टाइम्स ऑफ इंडियात नाव न देता पत्रं लिहून तिने ते सगळं मांडलं.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. दहाचे बारा झाले, दोनच वर्षं वाढली. पण त्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्र अक्षरशः दुभंगला. आगरकर कायद्याच्या बाजूने. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखवले, न्यायमूर्ती तेलंगही सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. टिळक विरोधात. टिळकांना बालविवाह हवे होते असं मात्र समजू नका. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत असं सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, हा त्यांचा प्रस्ताव होता. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा. मी टिळकांचा आदर करतो, पण हा वाद वाचताना मला दर वेळी वाटतं की घरात कोण शिरलं याची चर्चा फार झाली आणि घरात कोण कोंडलं गेलं होतं याची कमी झाली.

या कायद्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. शिक्षा कागदावर जबर होती, जन्मठेपेपर्यंत. पण आरोपी नवरा असेल तर पोलिसाने परस्पर अटक करायची नाही, वरच्या दर्जाच्या मॅजिस्ट्रेटकडूनच सगळं व्हायचं, अशी कुंपणं त्यातच घातलेली होती. बारा वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपर्यंत कशी जाणार? तिच्या वतीने कोण जाणार? सासरा?

पुढच्या पिढीत सारडा कायदा आला. हरबिलास सारडांचं विधेयक १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. मुलीचं लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा. त्याआधी सरकारने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष आपले अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. ही समिती देशभर फिरली, साक्षी घेतल्या. १८९१ चा कायदा खेड्यापाड्यांत कुणाला माहीतही नाही, असं तिला आढळलं. आणि तिने एक साधी गोष्ट सांगितली : जन्माची नीट नोंद ठेवा, लग्नाची नोंद ठेवा, त्याशिवाय हे कायदे चालणार नाहीत. १९२९ साली सांगितलं हे! आपण मात्र पुढे पन्नास वर्षं १ जून लिहीत बसलो.

सारडा कायद्याच्या वेळी मुसलमान समाजातूनही मोठा विरोध झाला. आम्हाला यातून वगळा, अशी मागणी मौलवींनी केली. त्या वेळी केंद्रीय विधिमंडळात बॅरिस्टर जिनांनी मात्र विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं, हे आज दोन्हीकडच्या लोकांना आठवत नाही. १८९१ चे सनातनी हिंदू आणि १९२९ चे मौलवी यांची भाषणं शेजारी ठेवून वाचली तर नावं झाकल्यावर कुणाचं कोणतं ते ओळखू येणार नाही. कायदा अखेर सगळ्यांना सारखाच लागू झाला. पण त्याची शिक्षा होती जास्तीत जास्त एक महिन्याची साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड. आणि गंमत अशी, की तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागायची सोय कायद्यात होती. १९३० साली शंभर रुपये! कोण कशाला फंदात पडेल?

हे सगळं घडत होतं ते इंग्रजी हद्दीत. आमचं कंधार निजामाच्या राज्यात. इथे इंग्रजांची दंड संहिता नव्हती, ताजिराते आसफिया होता, कोर्टाची भाषा उर्दू. सारडा कायदाही इथे नव्हता. सोलापुरात चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आणि तिथून बैलगाडीने नळदुर्गला आलं की निजामाची हद्द, तिथे गुन्हा नाही, असा तो काळ. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता आणि बालविवाहाचा कायदा आमच्याकडे लागू झाला. माझ्या आईचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षातलं. तिचं वय विचारलं की ती म्हणायची, "रझाकारांच्या साली मी शेळ्या राखायला एकटी जात होते." म्हणजे बारा-तेरा असेल. कायदा आलेला होता. आमच्या मोहल्ल्यात तो पोचायचा होता.

आता माझ्या स्वतःच्या आठवणीकडे येतो. कुठे, कोण, ते सांगणार नाही.

१९८३ सालचा उन्हाळा. मी तेरा वर्षांचा. वर्गात एक मुलगी होती, गणितात माझ्या पुढे. आम्ही चार-पाच जण एका मास्तरांकडे संध्याकाळी शिकवणीला जात असू. एका दिवशी मास्तरांनी आम्हाला लवकर सोडलं आणि तिला गणित राहिलंय म्हणून थांबवून घेतलं. मी पाटी विसरलो म्हणून परत गेलो, तर ती दारातून धावत बाहेर आली. चपला आतच. मी तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. आत मास्तर खुर्चीत बसलेले. मला म्हणाले, "तिच्या चपला दे नेऊन." मी त्या नेल्या, तिच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि घरी आलो.

पुढे आठ-दहा दिवसांनी काहीतरी बाहेर फुटलं. तिच्या घरच्या ओसरीवर चार मोठी माणसं बसली. चहा झाला. मास्तरांनी बदली करून घ्यावी असं ठरलं आणि ती झालीही. मुलीचं नाव शाळेतून काढलं. शाळा उघडायच्या आत तिचं लग्न झालं. लग्नाची पत्रिका आमच्याकडेही आली होती. तेव्हा मुलीचं लग्नाचं वय अठरा होतं, १९७८ पासूनच. ओसरीवरच्या माणसांत एक निवृत्त सरकारी कारकून होते, त्यांना हे नक्की माहीत असणार. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही. माझं तेरावं वर्ष होतं, असं मी स्वतःला समजावतो. पण मी विसाव्या वर्षीही सांगितलं नाही, तिसाव्याही नाही.

त्याच वर्षी, १९८३ च्या डिसेंबरात, देशाचा बलात्काराचा कायदा बदलला. त्यामागेही महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं. चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ च्या मार्चमध्ये एका अनाथ आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचं नाव पुढे देशभर झालं. मी ते इथे घेत नाही, कारण पीडितेचं नाव छापायचं नाही हा नियमही त्या १९८३ च्या दुरुस्तीनेच आला. ती सोळाच्या आत असती तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. पण तिचं वय कुणाला माहीत होतं? डॉक्टरांनी अंदाज केला : चौदा ते सोळा. सेशन कोर्ट म्हणालं, ती सोळाच्या आतली होती असा समाधानकारक पुरावा नाही. आरोपी सुटले. नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, असं निकालात आलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्यातून किमान सात वर्षांची शिक्षा, मुलगी बाराच्या आतली असेल तर किमान दहा, असा कायदा झाला.

तरी मुलगे त्यात नव्हते. मुलग्यांवर अत्याचार होतो हे मान्य करायला आपल्याला फार वेळ लागला. गोव्यात मडगावला अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यातून गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालहक्क कायदा केला, मुलांसाठी वेगळं न्यायालय काढलं. मुंबईत कुलाब्याच्या एका आश्रयगृहातल्या मुलांचा खटला २००१ ते २०११ असा दहा वर्षं चालला. २००६ ला शिक्षा, २००८ ला उच्च न्यायालयात सुटका, २०११ ला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा शिक्षा. तोवर तक्रार करणारी मुलं मोठी झाली होती.

अखेर १४ नोव्हेंबर २०१२ पासून, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो कायदा लागू झाला. मुलगा असो की मुलगी, अठराच्या आतलं प्रत्येक लेकरू त्यात आलं. २०१८ मध्ये बाराच्या आतल्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा आली, २०१९ मध्ये पोक्सोतही शिक्षा वाढल्या. सोळाच्या आतल्या मुलासाठी किमान वीस वर्षं. १८९० च्या एका वर्षाच्या सक्तमजुरीपासून आपण इथवर आलो. मी याच्या विरोधात नाही. पण शिक्षा वाढवली की काम झालं असं मानणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगेन.

पहिली नागपूरची. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असा अर्थ लावला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोतला लैंगिक हल्ला ठरत नाही. कारण देताना म्हटलं होतं की शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तितकाच कडक हवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू केली. ते बरं झालं. पण शिक्षेचं वजन वाढलं की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकलं जातं ते या निकालात दिसलं.

दुसरी गोष्ट घरातली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात : दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, शिकवणारा. चुलत्याला वीस वर्षं होणार म्हटल्यावर घरचे त्या लेकरालाच म्हणतात, "जाऊ दे, कुणाला सांगू नको." ओसरीवरची बैठक अजून उठलेली नाही. म्हणूनच मला पोक्सोमधली सगळ्यात मोलाची कलमं फाशीची वाटत नाहीत. एकोणिसावं आणि एकविसावं वाटतं. गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. हा कायदा १९८३ मध्ये असता तर ओसरीवरचे चारही जण गुन्हेगार ठरले असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण झालं. दोन लहानग्यांच्या आईबापांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, फाशी मागितली. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, त्याचा खटला चाललाच नाही. पण न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हा दाखल झाला, ही माझ्या लेखी त्या प्रकरणातली जास्त महत्त्वाची नोंद आहे.

बायकोच्या वयाचा तो जुना आकडा आठवतो? १८६० ला दहा, १८९१ ला बारा, १९२५ ला तेरा, १९४९ ला पंधरा. मग तो अडुसष्ट वर्षं पंधरावरच थांबला. लग्नाचं वय अठरा आणि लग्न झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला संरक्षण नाही, असा हा विचित्र प्रकार. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो अठरावर आणला. २०२२ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली लावलेलं लग्नही पोक्सोच्या बाहेर नाही, असं सांगितलं. काही उच्च न्यायालयांचा सूर वेगळा होता, पण मला केरळचं म्हणणं पटतं. लेकराच्या अंगाला मजहब नसतो, असं मी आमच्या मशिदीसमोरच्या हॉटेलात बोललो तेव्हा दोघे-तिघे उठून गेले, दोघे बसून राहिले.

पण आमच्या कंधार-मुखेडच्या बालाघाटात या आकड्याचं काय होतं तेही बघा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल जोडीवर मिळते. पोरीला घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि कोयताही पुरा होतो, म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी हळद लागते. पाहणीप्रमाणे २०१९ ते २१ मध्ये महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळपास बावीस टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मग ती पोर गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात वय विचारतात. खरं सांगितलं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून एकोणीस सांगतात, किंवा दवाखान्यातच जात नाहीत. शिक्षेच्या भीतीने लग्न टळायला हवं होतं. टळतो तो दवाखाना.

गेल्या हिवाळ्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेने मला स्नेहसंमेलनात बालकविता म्हणायला बोलावलं होतं. व्हरांड्यात भिंतीला तक्रारपेटी लावलेली होती, कुलूप घातलेली. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, हे नुसतं दाखवायला आहे का? त्या म्हणाल्या, "नाही सर, दर शनिवारी समितीतल्या एका आईला सोबत घेऊन उघडते." काय निघतं? "खिचडीत मीठ जास्त, नळाला पाणी नाही, अमका चिडवतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मागच्या वर्षी एक निघाली होती. त्याच दिवशी ठाण्यात गेलो आम्ही दोघी." पुढे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑफिसात त्यांनी मला चहा दिला. टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर उघडं होतं. पहिलीच्या पानावर जन्मतारखा होत्या : ९ ऑक्टोबर, २२ जानेवारी, ४ मार्च, १७ ऑगस्ट. पानभर शोधलं, १ जून एकही नव्हता.